न्यायाची पायरी आणि वारल्याचे पाऊल

१९५४ साली पोर्तुगीज अंमलातून मुक्त झालेल्या दादरा नगर हवेलीचा तंटा एकेकाळी थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गाजला होता. आपली सशस्त्र दले भारतीय भूमीवरून तेथे नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाही, असा निर्वाळा त्या न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी दिला. ज्या भूमीसाठी दोन राष्ट्रे जगाच्या न्यायपीठापुढे उभी राहिली, त्याच भूमीतील वारली, कोकणा वा धोडिया माणसाने सिल्वाशाच्या न्यायालयाची पायरी चढताना बिचकावे काय?

वास्तविक या न्यायालयाच्या रचनेत गूढ असे काही नाही. १९६१ च्या कायद्याने हा प्रदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या कक्षेत आला. २०२० साली दमण-दीवशी विलीनीकरण झाले, तरी तो दुवा अभंग राहिला. मालमत्तेचे व देण्याघेण्याचे दावे दिवाणी न्यायाधीशापुढे चालतात. फौजदारीत प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपर्यंत, तर मुख्य न्यायदंडाधिकारी सात वर्षांपर्यंत कैद सुनावू शकतो. खुनासारखा खटला सत्र न्यायाधीशाकडे सोपविला जातो. आणि त्याने दिलेली फाशीसुद्धा उच्च न्यायालयाने कायम केल्यावाचून अमलात येत नाही.

परंतु चोख रचना म्हणजे न्याय नव्हे. गरिबाला अडवितात त्या दोन गोष्टी : परकी भाषा आणि वकिलाची फी. या दोहोंवर कायद्याने उतारा दिलेला आहे. साक्षीची भाषा आरोपीला कळत नसेल, तर ती त्याला समजणाऱ्या भाषेत भर न्यायालयात उलगडून सांगितलीच पाहिजे. १९८७ च्या विधिसेवा कायद्यान्वये अनुसूचित जातीजमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना, उत्पन्न न विचारता, सरकारी खर्चाने वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड झाली, तर भरलेले न्यायशुल्कही परत मिळते. २०११ च्या जनगणनेनुसार येथील निम्म्याहून अधिक प्रजा अनुसूचित जमातींची आहे. म्हणजे हा हक्क मूठभरांचा नव्हे, बहुसंख्यांचा आहे!

मग तो हक्क खेडोपाडी त्यांच्याच बोलीत कोणी सांगायचा? न्यायालयाच्या दारावर, ग्रामपंचायतीत, आठवड्याच्या बाजारात तो पुकारला गेला पाहिजे. हे काम विधिसेवा प्राधिकरणाचे, वकीलवर्गाचे आणि आम्हा वृत्तपत्रांचेही आहे. हेगमध्ये भारताच्या बाजूने मोतीलाल सेटलवाडांसारखे कायदेपंडित उभे राहिले. आपल्यासाठीही कोणी उभा राहू शकतो, आणि तो उपकार नसून हक्क आहे, एवढे त्या वारल्याला कळेल, तेव्हाच १९५४ ची मुक्ती त्याच्या झोपडीपर्यंत पोहोचली असे म्हणता येईल.