‘एकदाच घेतली तर काय होतंय?’

ऑगस्ट २०२३ मध्ये दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली, तेव्हा चर्चा झाली ती पोलीस आणि कस्टमच्या कारवाईची. नशेने शरीरात काय होतं, हा विषय मागेच पडला. म्हणूनच रत्नागिरीत पोरांच्या तोंडी ते वाक्य अजून ऐकू येतं: ‘एमडीचा त्रास रोज घेणाऱ्यांना. पार्टीत एकदाच घेतली तर काय होतंय?’

होतं. पहिल्याच वेळीही होऊ शकतं. एमडी (म्हणजे मेफेड्रोन), कोकेन, मेथ ही सगळी उत्तेजकं. त्यांनी शरीरात नॉरअॅड्रेनलीन एकदम वाढतं, काही मिनिटांत रक्तदाब उसळतो, रक्तवाहिन्या आकसतात. कोकेनने रक्तात गुठळ्याही लवकर धरतात. मेंदूतली वाहिनी तुंबली तर तिच्या पुढचा भाग रक्तावाचून मरतो, फुटली तर रक्तस्राव. एखाद्या वाहिनीला आधीपासून फुगवटा असेल तर तो अशा दाबाने फुटू शकतो, आणि तो आहे हे बहुतेकांना ठाऊकच नसतं.

हे घाबरवण्यासाठी रचलेलं नाही. १९९८ साली अमेरिकेत २४ निरोगी पुरुषांपैकी काहींना अगदी कमी मात्रेत कोकेन देऊन, बाकीच्यांना न देता, सगळ्यांच्या मेंदूतल्या वाहिन्या एमआरआयवर पाहिल्या. मात्रा वाढली तसं आकसणंही वाढलं. २०१६ च्या अभ्यासात १५ ते ४९ वयाच्या लोकांत कोकेन घेतल्यापासून २४ तासांत गुठळीमुळे मेंदूला येणाऱ्या झटक्याचा, म्हणजे लकव्याचा, धोका सुमारे सहापट दिसला. वय पुन्हा वाचा, आणि ‘लकवा म्हाताऱ्यांनाच होतो’ हे बोलणं सोडा.

‘एमडी कोकेनपेक्षा सौम्य.’ तिच्यावर २०१५ पासून अमली पदार्थ कायद्याने बंदी आहे ती उगाच नाही.

‘व्यायामाच्या शरीराला काही होत नाही.’ दंड कमावले म्हणून मेंदूतली वाहिनी जाड होत नाही.

सगळ्यात संताप येतो तो ‘झोपू दे, उतरेल’ याचा. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, डोकं अचानक असह्य दुखू लागलं, तर ती नशा समजू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून. रत्नागिरीहून आंबा घाटातून कोल्हापूर गाठायलाच तीनेक तास जातात. त्यात लकव्यावरचा गावठी उपाय म्हणून कबुतराचं रक्त चोळत बसलात तर वेळ संपली. लगेच १०८ लावा. आणि पोलिसांच्या भीतीने डॉक्टरांपासून लपवू नका: काय घेतलं, किती वाजता घेतलं, ते स्पष्ट सांगा. रक्तदाब उतरवायला कोणतं औषध चालेल, हे त्यावर ठरतं.