मतांगीकार व शास्त्रप्रामाण्य, ख्रिस्ती

ख्रिस्ती श्रद्धेचा अंतिम आधार बायबल हा ग्रंथच होय, की चर्चने वेळोवेळी शब्दबद्ध केलेल्या श्रद्धासूत्रांनाही प्रामाण्य आहे, यासंबंधीचा वाद. श्रद्धेचा आशय थोडक्या व ठरीव शब्दांत मांडणाऱ्या, उपासनेत सर्वांनी मिळून म्हणावयाच्या सूत्रास मराठी ख्रिस्ती परिभाषेत ‘मतांगीकार’ म्हणतात. बायबल सर्वांना मान्य असूनही ख्रिस्ती समाज अनेक पंथांत विभागला गेला. त्याचा दोष मनुष्यनिर्मित मतांगीकारांकडे आहे, असे एक पक्ष मानतो; मतांगीकाराखेरीज ऐक्याला निश्चित रूपच येत नाही, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे. महाराष्ट्रात हा वाद केवळ मिशनऱ्यांबरोबर आला, असे नाही. पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारात तो स्वतंत्रपणे उपस्थित झालेला दिसतो आणि १९७० मध्ये नागपूर येथे त्याची एक तडजोड घडून आली.

आरंभीच्या चर्चला मतांगीकारांची गरज भासली, ती बायबलच्या अर्थाविषयी मतभेद झाल्यामुळे. ख्रिस्त हा पित्याने निर्माण केलेला आहे, असे मानणारा आरियस आपल्या मताच्या पुष्टीसाठी शास्त्रवचनेच देत असे. म्हणून ३२५ मध्ये निकेया येथील धर्मपरिषदेला ‘समतत्त्व’ या अर्थाचा, बायबलमध्ये नसलेला एक ग्रीक शब्द योजावा लागला. शास्त्राच्या रक्षणासाठी शास्त्राबाहेरचा शब्द घ्यावा लागला, ही या वादातील मूळची अडचण होय. पुढे याच मतांगीकारात पवित्र आत्मा पित्यापासून ‘व पुत्रापासून’ निघतो, अशी भर पाश्चात्त्य चर्चने घातली. १०५४ मध्ये पूर्व व पश्चिम यांची जी फारकत झाली, तिच्या कारणांत या भरीची गणना होते.

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने पोप व धर्मपरिषदा यांहून शास्त्र श्रेष्ठ ठरविले. १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने शास्त्र व परंपरा या दोहोंना सारखाच आदर देऊन त्याला उत्तर दिले. परंतु प्रॉटेस्टंट पंथांनीही लवकरच आपापली श्रद्धापत्रके तयार केली. इंग्लंडच्या चर्चने १५७१ च्या एकोणचाळीस कलमांत मध्यम मार्ग स्वीकारला : तारणास आवश्यक ते सर्व शास्त्रात आहे आणि तीन प्राचीन मतांगीकार शास्त्राने सिद्ध होतात म्हणून ग्राह्य आहेत. श्रद्धापत्रकांच्या या गर्दीला कंटाळून टॉमस कँबेल याने १८०९ मध्ये अमेरिकेत एक जाहीरनामा काढला आणि सर्व मनुष्यकृत सूत्रे बाजूस सारून केवळ नव्या कराराच्या आधारे एकत्र येण्याचे आवाहन केले. ‘डिसायपल्स ऑफ क्राइस्ट’ हा पंथ याच चळवळीतून निघाला. ऐक्यासाठी निघालेल्या या चळवळीच्याच पुढे अनेक शाखा झाल्या. उपासनेत वाद्य वाजवावे की नाही, या प्रश्नावर नव्या कराराचे मौन हे त्यातील एक निमित्त होते. मौनाचा अर्थ परवानगी की मनाई, हे शास्त्र स्वतः सांगत नाही.

पंडिता रमाबाईंचा (१८५८–१९२२) बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे अँग्लिकन चर्चमध्ये झाला. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत सिस्टर जेराल्डीन व चेल्टनम येथील डोरोथिया बील यांच्याशी त्यांनी केलेला पत्रव्यवहार या विषयावरील महत्त्वाचे साधन आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो १९७७ मध्ये मूळ इंग्रजीत प्रसिद्ध केला. त्रैक्याचा सिद्धांत व विशेषतः अथनेशियसचा म्हणून ओळखला जाणारा मतांगीकार त्यांना त्या वेळी पटला नव्हता. हा मतांगीकार न मानणाऱ्यास तारण नाही, असे तो स्वतःच बजावतो. रमाबाईंची भूमिका अशी, की आपण ख्रिस्ताच्या चर्चच्या सभासद आहोत. धर्मगुरूंच्या प्रत्येक शब्दाला बांधलेल्या नाही. पुरोहितवर्गाच्या बंधनातून मोठ्या कष्टाने सुटलेल्या स्त्रीने तसेच दुसरे बंधन स्वीकारावे, ही अपेक्षाच त्यांना चमत्कारिक वाटली. उलट, शतकानुशतकांच्या सामूहिक चिंतनापुढे नवशिक्या व्यक्तीने आपले वाचन प्रमाण मानणे हा अहंकार होय, असे सिस्टर जेराल्डीन यांना वाटे. दोन्ही बाजूंची कळकळ खरी होती व त्यातून आलेला दुरावाही खरा होता. रमाबाईंनी पुढे त्रैक्य मान्य केले; मात्र ते दडपणाखाली नव्हे, तर १८९० नंतरच्या स्वतःच्या धार्मिक अनुभवातून. केडगाव (जि. पुणे) येथील त्यांचे मुक्ती मिशन कोणत्याही एका पंथाशी जोडले गेले नाही.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रचलित भाषांतरातील काही संस्कृत शब्द हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ बरोबर आणतात, म्हणून ते त्यांनी टाळले. ‘केवळ शास्त्र’ या भूमिकेची मर्यादाही येथे दिसते. भाषांतरकाराला शब्द निवडावा लागतो आणि निवडीत अर्थनिर्णय असतो. बंगालमधील बॅप्टिस्ट भाषांतरकारांनी बाप्तिस्म्यासाठी ‘बुडविणे’ या अर्थाचा शब्द वापरला, तेव्हा ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीने अर्थसाहाय्य नाकारले व १८४० मध्ये बॅप्टिस्टांना वेगळी संस्था काढावी लागली. रूढ मराठी बायबलात मूळ ग्रीक शब्दच ‘बाप्तिस्मा’ या रूपात राहिला. त्यामुळे पाणी शिंपडणारे व पाण्यात बुडविणारे, दोघांनाही एकच ग्रंथ वाचता आला.

रेव्ह. ना. वा. टिळकांचा मार्ग निराळा होता. १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनमधून मुक्त होऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात अभिप्रेत होते. १९१९ मध्ये टिळक वारले व ही योजना फार पुढे गेली नाही. पण त्यांची भजने मात्र पंथभेद ओलांडून सर्वत्र गायिली जातात.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्च-संघटना एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ (उत्तर भारत मंडळी) अस्तित्वात आली. तिच्यात अँग्लिकन, प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरांची ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट होते. तसेच मतांगीकाराला पारंपरिक विरोध असलेले बॅप्टिस्ट, ब्रेदरेन व डिसायपल्सही होते. मंडळीच्या घटनेने शास्त्राला श्रद्धेचे सर्वोच्च व निर्णायक प्रमाण मानले, शास्त्रानुसार स्वतःला सुधारण्यास चर्चने सदैव तयार असावे असे म्हटले आणि प्रेषितांचा व निकेयाचा मतांगीकार त्या श्रद्धेचे साक्षीदार व रक्षक म्हणून स्वीकारले. ‘साक्षीदार’ या शब्दामुळे मतांगीकाराचे स्थान राहिले व त्याची सक्तीही सौम्य झाली. खरी कसोटी लागली ती बाप्तिस्म्याबाबत. बालकाचा बाप्तिस्मा आणि समज आल्यावर श्रद्धेच्या कबुलीनंतर दिलेला बाप्तिस्मा, हे दोन्ही प्रकार पर्याय म्हणून मान्य करण्यात आले. वाटाघाटींत सहभागी असलेले अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट चर्च १९७० मध्येच ऐन वेळी बाहेर राहिले. १९८१ मध्ये ते ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ या नावाने स्वायत्त झाले.

नंतरचे तंटे मात्र श्रद्धासूत्रांपेक्षा मालमत्तेवरच अधिक गाजले. ब्रेदरेन मिशनचे कार्य गुजरातेत व महाराष्ट्रात डहाणूकडे होते. नव्या करारावाचून अन्य मतांगीकार नाही, ही त्या पंथाची जुनी धारणा. त्यातील गुजरातेतील काही सभासद एकीकरणातून मागे फिरले व प्रकरण न्यायालयात गेले. केवळ ठराव संमत केल्याने विलीनीकरण होत नाही, संस्था व न्यास यांविषयीच्या कायद्यांची प्रक्रिया पार पाडावी लागते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला.

रोमन कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत (१९६२–६५) आपली मांडणी बदलली. शास्त्र व परंपरा एकाच उगमातून येतात आणि चर्चचा अध्यापनाधिकार देववचनाच्या वर नसून त्याचा सेवक आहे, असे १९६५ च्या दस्तऐवजात म्हटले आहे. अर्थनिर्णयाचा अधिकार मात्र त्याच अध्यापनाधिकाराकडे राखलेला आहे.

पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात आज या साऱ्या भूमिका शेजारी शेजारी आढळतात. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाल्यापासून येथे मराठी जिल्ह्यांप्रमाणेच केरळ, तमिळनाडू इ. राज्यांतूनही कामगार येत गेले व त्यांच्याबरोबर त्यांच्या उपासनापद्धतीही आल्या. कॅथलिक मिस्सेत निकेयाचा मतांगीकार ‘व पुत्र’ या शब्दांसह म्हटला जातो. केरळातील ऑर्थोडॉक्स व मार थोमा चर्चच्या उपासनेत ते शब्द नसतात. पेंटेकॉस्टल सभांमध्ये मतांगीकार सहसा म्हटलाच जात नाही. पण सभासदत्वासाठी बहुधा एक श्रद्धानिवेदन मान्य करावे लागते.