अळीच्या रक्तातील लढाई आणि जैविक कीड नियंत्रण

जैविक कीडनाशकाची फवारणी केल्यावर दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसतात. ‘औषध लागू पडले नाही’ असा निष्कर्ष काढला जातो आणि तातडीने रासायनिक फवारणी होते. विस्तार कार्यकर्त्यांना हा अनुभव नवा नाही. वस्तुतः त्याच सुमारास अळीच्या शरीरात निर्णायक झुंज चालू असते आणि तिचे रणांगण असते अळीचे रक्त. या रक्ताची सूक्ष्मरचना समजून घेतल्यास जैविक नियंत्रणातील अनेक शिफारशींमागचे कारण स्पष्ट होते.

रक्त आणि रक्तवाहिनी

मानवी शरीरात रक्त व लसीका हे दोन वेगळे द्रव असून त्यांच्या वाहिन्यांचे जाळेही वेगळे असते. कीटकांत दोन्हींचे कार्य एकच द्रव करतो. त्यास ‘रक्तलसीका’ म्हणतात. प्राणवायू श्वासनलिकांच्या जाळ्यातून थेट ऊतींपर्यंत पोहोचत असल्याने बहुतेक कीटकांच्या रक्तात हिमोग्लोबिन नसते. म्हणून ते फिकट पिवळसर किंवा हिरवट दिसते. गाळात राहणाऱ्या कायरोनोमस माशीच्या लाल अळ्या हा अपवाद होय.

कीटकाच्या पाठीखाली एकच लांब नलिका असते, तिला पृष्ठवाहिनी म्हणतात. तिचा मागील भाग हृदयाचे काम करतो. त्याच्या बाजूंच्या छिद्रांतून रक्त आत येते, पुढे डोक्याकडे ढकलले जाते आणि तेथून शरीरपोकळीत मोकळे सोडले जाते. परिणामी सर्व अवयव रक्तात बुडालेले असतात. रोगजंतूने त्वचा किंवा आतड्याची भिंत ओलांडली की तो थेट रक्तात पोहोचतो.

सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे सैन्य

पतंगवर्गीय अळ्यांच्या रक्तात सामान्यतः पाच प्रकारच्या पेशी ओळखल्या जातात. प्रोहिमोसाइट या लहान, गोल मूळ पेशी होत. ग्रॅन्युलोसाइट या कणयुक्त पेशी जिवाणू गिळतात. प्लाझ्मॅटोसाइट काचपट्टीवर चिकटून पसरतात. इनोसायटॉइड या मोठ्या पेशींत रक्त काळे करणाऱ्या विकराचे पूर्वरूप साठलेले असते. पाचवा प्रकार गोलकांनी भरलेल्या स्फेरुलोसाइटचा. या अळ्यांना मानवासारखी प्लीहा किंवा लसीका ग्रंथी नसते. वक्षभागात, भावी पंखांच्या अंकुरांजवळ असलेले छोटे अवयव रक्तपेशी निर्माण करतात.

शत्रू लहान असेल तर पेशी त्याला गिळतात. जिवाणू संख्येने जास्त असतील तर त्यांच्याभोवती पेशींच्या गाठी बनतात. परोपजीवी गांधीलमाशीच्या अंड्यासारखी मोठी वस्तू आढळली तर प्रथम ग्रॅन्युलोसाइट तिला चिकटतात, त्यावर प्लाझ्मॅटोसाइटचे थरावर थर चढतात आणि ही पुटी काळी पडते. आतील अंडे मरते. अळीच्या रक्ताचा थेंब हवेत काळा पडतो तो याच विकरामुळे. चिरलेले वांगे काळे पडते, ती क्रियाही याच जातीची.

मित्रजीवांचे डावपेच

यशस्वी मित्रजीवाला ही संरक्षणफळी मोडावी लागते. घाटेअळीवरील कॅम्पोलेटिस क्लोरिडी ही गांधीलमाशी अंड्यासोबत एक विषाणूही अळीत सोडते. तो रक्तपेशींना दुर्बल करतो आणि अंडे सुरक्षित राहते. मेटारायझियम बुरशी त्वचा भेदून आत शिरल्यावर कोलॅजनसदृश प्रथिनाचे आवरण धारण करते, त्यामुळे रक्तपेशी तिला ओळखत नाहीत. कोइम्बतूर येथील नमुन्यांवरून 1992 मध्ये वर्णन झालेली हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका ही सूत्रकृमी हुमणीच्या शरीरात शिरून आपले सहजीवी जिवाणू रक्तात सोडते. हे जिवाणू पेशींच्या गाठी बनण्याची क्रियाच रोखतात. बीटी जिवाणूचे विष प्रथम आतड्याची भिंत फोडते, त्यानंतर जिवाणू रक्तात उतरतात.

शेतासाठी अर्थ

1. अळी लहान असतानाच उपाय करावा. वाढीसोबत रक्तपेशींची एकूण संख्या वाढते आणि मोठ्या देहाला रोगजंतूची मात्राही अधिक लागते. कामगंध सापळे व नियमित निरीक्षण यांचे महत्त्व यातच आहे.

2. परिणाम मोजताना केवळ मेलेल्या अळ्या मोजू नयेत. बीटीनंतर अळी मरण्याआधीच खाणे थांबवते. नवीन पानांवरील कुरतडणे कमी झाले का, हे पाहावे. विषाणू व बुरशीला काही दिवसांचा अवधी द्यावाच लागतो.

3. मृत अळी वाचायला शिकावे. एनपीव्हीने मेलेली अळी फांदीला उलटी लटकते व आतून द्रवरूप होते. बुरशीने मेलेली कडक होऊन तिच्यावर पांढरी किंवा हिरवी वाढ दिसते. हेटेरोऱ्हॅब्डायटिसने मेलेली हुमणी विटकरी लाल होते.

4. विषाणू, बुरशी व सूत्रकृमी यांचा वापर सायंकाळी करावा, कारण ऊन त्यांना मारक ठरते. बुरशीला हवेत आर्द्रता हवी, सूत्रकृमीला जमिनीत ओलावा. बुरशीजन्य कीडनाशकात बुरशीनाशक मिसळू नये.

घाईची रासायनिक फवारणी केवळ खर्च वाढवत नाही. अळीच्या रक्ताशी यशस्वी झुंज देऊन आत वाढणारी गांधीलमाशीची पिढीही ती अळीसोबतच संपवते. म्हणून दुसरी फवारणी ठरवण्यापूर्वी नुकसानीची पातळी पुन्हा मोजावी, मंद झालेल्या दहा-वीस अळ्या डबीत ताज्या पानांसह ठेवाव्यात आणि त्यांचे पुढे काय होते ते पाहावे.