हात धुण्याआधी अंतर मोजा

ख्रिस्ती न्यायविचार : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण जक्कयाची गोष्ट पाहिली. लबाडीने उकळलेले चौपट परत करीन आणि अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देईन, असे या जकातदाराने येशूसमोर कबूल केले. गुन्हा त्याचा, कबुली त्याची आणि भरपाईही त्याचीच. हिशेब सरळ होता. पण गुन्हेगार सापडतच नसेल तर? किंवा अन्याय एका माणसाने केलेला नसून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या वहिवाटीने केलेला असेल तर? मग उत्तर कोणी द्यायचे? आजचा लेख या प्रश्नाविषयी आहे.

रानातले प्रेत आणि जवळचे गाव

बायबलच्या जुन्या करारात, अनुवाद या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात, एक कायदा आहे. उघड्या रानात एखाद्याचे प्रेत सापडते. खून झाला हे दिसते आहे, पण मारेकरी कोण ते कुणालाच ठाऊक नाही. अशा वेळी वडीलमंडळींनी आणि न्यायाधीशांनी तिथे जाऊन प्रेतापासून भोवतालच्या गावांपर्यंतचे अंतर मोजायचे. जे गाव सर्वांत जवळचे भरेल, त्या गावाच्या वडिलांनी जुवाखाली कधीही न जुंपलेली एक कालवड घ्यायची. जिथे नांगर फिरलेला नाही, पेरणी झालेली नाही, अशा वाहत्या पाण्याच्या खोऱ्यात तिला नेऊन तिची मान मोडायची. मग याजकांसमक्ष तिच्यावर हात धुऊन सांगायचे, की हे रक्त आम्ही सांडले नाही आणि सांडताना पाहिलेही नाही. आणि निरपराध्याच्या रक्ताचा दोष लोकांवर राहू नये, म्हणून देवाकडे क्षमा मागायची.

इथे कुणालाही प्रश्न पडेल, की गावच्या वडिलांवर खुनाचा आळ घेतला होता कोणी? हाच प्रश्न यहुदी धर्मपंडितांनीही विचारला. इ.स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात त्याचे उत्तर आहे. वडिलांच्या त्या शपथेचा अर्थ असा लावला गेला, की हा वाटसरू आमच्या दारी आला आणि आम्ही त्याला उपाशी घालवून दिले, असे घडलेले नाही. तो आमच्या नजरेस पडला आणि आम्ही त्याला सोबत न देता एकटाच जाऊ दिला, असेही घडलेले नाही.

म्हणजे ही शपथ खुनाबद्दल कमी आणि भाकरीबद्दल, सोबतीबद्दल जास्त आहे. ती खरेपणाने घ्यायची तर वडिलांना आधी गावात चौकशी करावी लागणार. परवा तिन्हीसांजेला वेशीवर कोण होते? परका माणूस कुणाच्या ओसरीवर थांबला होता का? त्याला पाणी कोणी दिले, दार कोणी लावून घेतले? मारेकरी सापडो न सापडो, गावाला स्वतःची झडती घ्यावीच लागते.

नव्या करारातही हात धुण्याचा एक प्रसंग आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात रोमन सुभेदार पिलात जमावासमोर पाणी मागवतो, हात धुतो आणि या माणसाच्या रक्ताबाबत आपण निर्दोष असल्याचे जाहीर करतो. येशूचा मृत्यू थांबवण्याचा अधिकार त्याच्याच हाती होता, तरी चौकशी अर्धवट टाकून तो मोकळा झाला. वडिलांनी हात धुतले ते जबाबदारी अंगावर घेतल्यानंतर, पिलाताने धुतले ते ती झटकण्यासाठी. ख्रिस्ती मंडळीची सामुदायिक जबाबदारी समजून घ्यायची तर हा फरक पक्का लक्षात ठेवायला हवा.

ही सामुदायिक शिक्षा नव्हे का?

इथे एक रास्त आक्षेप येतो. एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्यांना धरणे हा तर अन्यायच. जमावाच्या सूडाचे तर्कशास्त्र हेच असते. त्यांच्यातल्या एकाने केले, म्हणून त्यांची सगळी वस्ती जाळा.

बायबलमध्ये असे प्रसंग आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. यहोशवाच्या ७व्या अध्यायात आखान नावाचा माणूस यरीहोच्या लुटीतून एक झगा, चांदी आणि सोन्याची वीट चोरून पुरून ठेवतो. पुढच्या लढाईत इस्राएलचे ३६ लोक मरतात आणि शेवटी आखानासोबत त्याच्या मुलाबाळांचाही अंत होतो. ही कथा वाचताना आजही अंगावर काटा येतो.

पण याच ग्रंथात तिला छेद देणारा विचार आहे आणि तो वाढत जातो. मुलांच्या पापासाठी बापाला किंवा बापाच्या पापासाठी मुलांना मारू नये, असे अनुवादाचा २४वा अध्याय बजावतो. यहूदाचा राजा अमस्या याने हा नियम पाळला. आपल्या बापाचा खून करणाऱ्यांना त्याने देहदंड दिला, पण त्यांच्या मुलांना हात लावला नाही. राजघराण्यातल्या सूडाच्या त्या काळात ही मोठी गोष्ट होती. यहेज्केल संदेष्टा तर १८व्या अध्यायात ठणकावतो, की जो पाप करील तोच मरेल.

तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. गुन्ह्याचा दोष ज्याचा त्याचा असतो, तो जन्माने किंवा जातीने कुणाला चिकटत नाही. दायित्व मात्र सगळ्यांचे असू शकते. जे आपण चालू दिले, ज्याचा लाभ आपल्या घरात आला आणि जे दुरुस्त करणे आपल्या हातात आहे, त्याचे उत्तर समाजाने द्यायचे असते.

याचा नमुना नहेम्याच्या ५व्या अध्यायात सापडतो. यरुशलेमचा कोट बांधला जात असताना गरिबांनी आक्रोश केला. दुष्काळात शेते आणि द्राक्षमळे गहाण पडले होते, राजाचा कर भरायला कर्ज काढावे लागले होते, पोटची मुले दास्यात गेली होती. आणि सावकार परके नव्हते, भाऊबंदच होते. अधिकारी असलेल्या नहेम्याने सभा बोलावली. आपण आणि आपली माणसेही कर्जे देत आलो आहोत, हे त्याने भरसभेत सांगितले आणि शेते, मळे, घरे व घेतलेले व्याज परत करायला लावले. नुसत्या शब्दावर न थांबता याजकांना बोलावून शपथही घ्यायला लावली.

डाखाऊची पाटी

हे सारे जुन्या काळचे झाले. आधुनिक काळात एखाद्या चर्चने असे उत्तर दिले आहे का? दिले आहे आणि ते देताना चर्च अडखळलेही आहे.

मार्टिन नीमोलर हे जर्मनीतले प्रॉटेस्टंट पाळक. १९३३ साली त्यांनी नाझी पक्षाला मत दिले होते. पुढे चर्चवर सरकारी ताबा आणायला त्यांनी विरोध केला, १ जुलै १९३७ रोजी त्यांना अटक झाली आणि युद्ध संपेपर्यंत ते आधी तुरुंगात आणि मग साक्सेनहाउझेन आणि डाखाऊ इथल्या छळछावण्यांत होते. युद्धानंतर पत्नीसह ते डाखाऊला गेले. तिथल्या दहनगृहापाशी एक पाटी होती. १९३३ ते १९४५ या काळात इथे किती माणसे जाळली गेली, ते तिच्यावर लिहिले होते. पुढे अनेक भाषणांत नीमोलर सांगत, की त्यांना हादरवले ते त्या वर्षांनी. १९३७पासून आपण कुठे होतो, याचा पुरावा त्यांच्यापाशी होता, ते कैदेत होते. पण १९३३ ते १९३७ या काळात ते मोकळे होते. त्या चार वर्षांत तू कुठे होतास, असे देवाने विचारले तर सांगायला त्यांच्याकडे काही नव्हते.

जवळपास आठ वर्षे कैदेत काढलेला माणूस हे म्हणतो आहे. पीडित म्हणून मिरवण्याचा पूर्ण हक्क असताना त्यांनी आपले मोकळे दिवस मोजले.

१८ आणि १९ ऑक्टोबर १९४५ रोजी श्टुटगार्ट इथे जर्मन प्रॉटेस्टंट चर्चच्या नेत्यांनी परदेशी चर्चच्या प्रतिनिधींसमोर अपराधाची कबुली दिली. सही करणाऱ्यांत नीमोलर होते. आपण अधिक धैर्याने साक्ष दिली नाही, अधिक निष्ठेने प्रार्थना केली नाही, अधिक उत्कटतेने प्रेम केले नाही, असा तिचा आशय होता. उपासमारीत आणि उद्ध्वस्त शहरांत जगणाऱ्या असंख्य जर्मनांना तीही सहन झाली नाही. पण तिची खरी उणीव वेगळीच होती. त्या कबुलीत ज्यू लोकांचा उल्लेखच नव्हता. ज्यूंबाबतचा अपराध चर्चच्या महासभेने मान्य केला तो १९५० साली, बर्लिनच्या वायसनझे इथे. ज्याच्यावर अन्याय केला त्याचे नाव न घेता दिलेली कबुली अपुरीच राहते.

ही उणीव भरून काढायला पुढे आला तो एक न्यायाधीश. लोथार क्रायसिग ब्रांडेनबुर्ग इथे पालकत्व न्यायालयात काम करत. मानसिक आजार असलेले, आपल्या पालकत्वाखालचे लोक एकापाठोपाठ एक मरत आहेत, हे १९४० साली त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी न्यायमंत्र्यांना लेखी जाब विचारला, नाझी पक्षाचा वरिष्ठ नेता फिलिप बूलर याच्याविरुद्ध खुनाची फिर्याद दिली आणि त्यापायी पद गमावले. तरीही १९५८ साली चर्चच्या महासभेत याच माणसाने आवाहन केले, की ज्यांना नाझींचे अत्याचार नको होते त्यांनीही ते रोखण्यासाठी पुरेसे केले नाही. आता ज्यांना आपण दुखावले, त्यांच्या देशात जाऊन आपल्या हातांनी काही चांगले बांधू द्या, अशी त्यांना विनंती करू. त्यातून ‘आक्सिओन झ्यूनेत्सायखेन’ ही प्रायश्चित्ताची चळवळ उभी राहिली. फ्रान्समधल्या तेझे इथले, १९६२ साली खुले झालेले समेटाचे चर्च या चळवळीतल्या जर्मन तरुणांनी बांधले. युद्ध संपले तेव्हा ते लहान मुले होते. त्यांच्यावर दोष नव्हता, दायित्व त्यांनी आपणहून उचलले.

काहींच्या दुर्बलतेखातर

दुसरे उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे. १८५७ साली तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या महासभेने ठरवले, की एकत्र उपासना हेच उचित असले तरी काहींच्या दुर्बलतेखातर गोऱ्या आणि काळ्या सदस्यांची उपासना वेगळी व्हायला हरकत नाही. ही दुर्बलता म्हणजे काळ्यांच्या शेजारी बसायची तयारी नसणे. तात्पुरती म्हणून दिलेली सवलत वहिवाट झाली, १८८१मध्ये मिश्रवंशीयांसाठी वेगळे मिशन चर्चच निघाले आणि विसाव्या शतकात याच विभागणीतून वर्णभेदाला धर्माचा आधार मिळाला.

त्याच मिशन चर्चने १९८२ साली बेल्हार इथे श्रद्धापत्राचा मसुदा केला आणि १९८६मध्ये तो स्वीकारला. देव अन्यायग्रस्तांच्या बाजूने उभा असतो आणि चर्चनेही तिथेच उभे राहावे, असे त्यात म्हटले आहे. नोव्हेंबर १९९०मध्ये रुस्टेनबुर्गच्या परिषदेत गोऱ्या चर्चचे धर्मपंडित विली योंकर यांनी स्वतःच्या वतीने आणि आपल्या चर्चच्या वतीनेही वर्णभेदाच्या पापाची कबुली दिली. काळे आर्चबिशप डेस्मंड टूटू यांनी पुढे येऊन ती स्वीकारली. इतरांच्या वतीने क्षमा करायचा अधिकार टूटूंना कोणी दिला, असा सवाल काही काळ्या प्रतिनिधींनी केला. तो योग्यच होता. क्षमा मागितली की ती मिळालीच पाहिजे, असा दंडक कुठेही नाही. आणि क्षमेने हिशेबही मिटत नाही. वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाने पीडितांना सहा वर्षे वार्षिक साहाय्य देण्याची शिफारस केली होती. सरकारने २००३मध्ये एकदाच ३०,००० रँड द्यायचे ठरवले. काळ्यांकडून हिरावलेल्या जमिनीचा प्रश्न आजही सुटलेला नाही.

आपल्या वेशीतले प्रश्न

‘काहींच्या दुर्बलतेखातर’ हे सूत्र भारतीय चर्चलाही परके नाही. गोव्यात कितीतरी पॅरिशांतल्या (स्थानिक धर्मग्रामांतल्या) कॉन्फ्रारिया, म्हणजे धार्मिक बंधुसंघटना, जातींनुसार वेगळ्या होत्या आणि सण साजरा करण्याचा मान कोणाचा, हे जातीवर ठरे. तमिळनाडूत दलित ख्रिस्ती आणि इतर ख्रिस्ती यांच्या दफनभूमीत भिंती उभ्या राहिल्या. आपल्या नगर जिल्ह्यातल्या मराठी चर्चचा पाया महार आणि मांग कुटुंबांनी घातला. राज्यघटनेखालच्या १९५०च्या अनुसूचित जाती आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदामुळे अशा ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. शिखांना तो १९५६ साली आणि बौद्धांना १९९० साली मिळाला.

हा परिच्छेद अन्यायकारक आहे, असे चर्च म्हणते आणि ते खरे आहे. धर्म बदलल्याने गावातली वागणूक बदलत नाही, हा चर्चचा मुख्य युक्तिवाद. पण तोच युक्तिवाद चर्चच्या दारात येऊनही उभा राहतो, कारण ती वागणूक चर्चमध्येही सुरू राहिली. डिसेंबर २०१६मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले आणि चर्चमधला जातिभेद मान्य केला. कबुली झाली, पीडितांचे नावही घेतले गेले. नहेम्याच्या सभेत झाले ते परत करणे मात्र कागदावर भागत नाही, ते पॅरिशागणिक करावे लागते.

म्हणून ख्रिस्ती वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. पॅरिशच्या येत्या सभेसाठी चार प्रश्न लेखी द्या. पॅरिश मंडळावर कोणत्या वस्त्यांतली माणसे कधीच आली नाहीत? आपल्या शाळेत कोणाच्या मुलांना प्रवेश मिळतो? दफनभूमीत जागा कशी ठरते? चर्चच्या आवारात राबणाऱ्यांना काय पगार मिळतो? उत्तरे इतिवृत्तात नोंदवायला लावा आणि पुढच्या सभेत काय बदलले ते विचारा. दिल्लीकडे न्याय मागण्याचा हक्क आपल्याला आहेच, पण त्या मागणीला वजन येईल ते या इतिवृत्तांनी.

(पुढील लेखांकात : याकोबाचे पत्र आणि शेतमजुरांची अडकवलेली मजुरी)