जाळ्यात आलेला कचरा परत दर्यात नको



१ ऑगस्ट जवळ आला. ६१ दिवसांची बंदी संपत आली. जेटीवर इंजिनांची कामं चालू आहेत, जाळी दुरुस्त होताहेत, खलाशी गावाहून परतायला लागलेत. या घाईत लेख वाचायला कोणाला वेळ नाही हे मला ठाऊक आहे. तरी पाच मिनिटं काढा, कारण विषय आपल्याच खिशाचा आहे.

गेल्या हंगामात आमच्या घरच्या बोटीच्या पंख्यात दोर अडकला. जाळं पाण्यात, वारा वाढलेला आणि इंजिन बंद. शेजारच्या बोटीने ओढून आणलं म्हणून निभावलं. शाफ्टचं काम, फाटलेलं जाळं आणि बुडालेले तीन दिवस, हा सगळा हिशोब घरात अजून निघतो. पंख्यातून काढलेला गुंता जेटीवर पसरला तेव्हा आमचा तांडेल काही बोललाच नाही. जुन्या ट्रॉल जाळ्याचा तुकडा होता तो, निळ्या दोरासकट. असला दोर आपल्या निम्म्या बोटींवर असतो.

तो कोणी टाकला ते शोधून सापडणार नाही आणि मला शोधायचंही नाही. कारण मी स्वतः खलाशी म्हणून बोटीवर जायचो तेव्हा असेच तुकडे मीही दर्यात टाकलेत. जाळ्यात पिशव्या आल्या की मासळी निवडायची आणि बाकीचं लोटून द्यायचं. दर्या मोठा आहे, जिरवेल, असं वाटायचं. पण नायलॉन जिरत नाही. तळाशी पडलेलं जाळं कोणी ओढत नसलं तरी मासळी अडकवतच राहतं. ती मासळी कोणाच्या क्रेटमध्ये येत नाही, तिथेच सडते.

मे महिन्याच्या सभेत मी हा विषय काढला तेव्हा दोन प्रश्न आले. एक ज्येष्ठ बोटमालक म्हणाले, "अरे, तू सांगतोस कचरा परत आणा. आणतो. पण ठेवायचा कुठे? मागे दोन गोण्या जेटीवर ठेवल्या. कुत्र्यांनी फाडल्या, पाऊस आला, सगळं परत खाडीत." दुसरा एक तरुण सभासद म्हणाला, "मी आणायचा आणि बाकीच्यांनी टाकायचा, तर मी एकट्यानेच का मरायचं?" दोघांचंही बरोबर होतं. त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग आपल्यासारख्याच मच्छीमारांनी दुसरीकडे काय केलं याची माहिती काढली.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर केरळमध्ये आहे. कोल्लम जिल्ह्यातल्या शक्तिकुलंगरा आणि नींदकरा बंदरांत २०१७ साली 'शुचित्व सागरम्' नावाचं काम सुरू झालं. बोटींना पिशव्या दिल्या. जाळ्यात जे प्लास्टिक येईल ते पिशवीत भरून परत आणायचं, एवढंच बोटीचं काम. पहिल्या दहा महिन्यांत तिथल्या मच्छीमारांनी २५ टन कचरा बाहेर काढला, त्यात निम्म्याहून जास्त जुनी जाळी आणि दोर. पण खरी मेख किनाऱ्यावर आहे. कचरा उतरवून घ्यायला बंदरातच जागा होती. तिथे मच्छीमार घरांतल्या बायकांना निवडण्याचं आणि धुण्याचं काम मजुरीवर मिळालं. मशीनमध्ये बारीक केलेलं प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात वापरायला गेलं. म्हणजे अर्धं काम बोटीचं, अर्धं जेटीचं. आपण आजवर फक्त बोटीला उपदेश केला आणि जेटी तशीच ठेवली.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुजरातमध्ये मिळालं. वेरावळच्या बाजूला पूर्वी व्हेल शार्कची शिकार व्हायची. २००१ साली कायद्याने बंदी आली, पण कायदा कागदावर असतो आणि मासा समोर. २००४ पासून तिथे मोहीम सुरू झाली. कथाकार मोरारी बापूंनी लोकांना सांगितलं की हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. तिला नाव दिलं 'व्हाली', म्हणजे लाडकी. लेकीला कोण मारणार? तेव्हापासून तिथल्या मच्छीमारांनी स्वतःची जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडले. पण त्याच वेळी कापलेल्या जाळ्याची भरपाईही मिळू लागली, हे विसरू नका. आपल्या शेजारी, तेरेखोलच्या पलीकडे, महाराष्ट्र सरकारनेही २०१८ च्या डिसेंबरपासून संरक्षित प्राणी सोडताना जाळं कापावं लागलं तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देणं सुरू केलं.

मी यातून एवढंच घेतलं की मन वळलं पाहिजे आणि नुकसानही वाटून घेतलं पाहिजे. नुसती भावना एक हंगाम टिकते. नुसता दंड अधिकारी समोर असेपर्यंत टिकतो.

आणि वाटून घेणं आपल्याला कोणी शिकवायला नको. आपल्या आजोबांची रांपण आठवा. अर्धा गाव दोराला लागायचा. जो दोर ओढेल त्याला वाटा, मग जाळं कोणाचं का असेना. आज बोटी वेगळ्या झाल्या, कर्जं वेगळी झाली, पण दर्या अजून एकच आहे. मी टाकलेला दोर तुझ्या पंख्यात जातो.

म्हणून येत्या सभेत हे ठराव मांडतोय:

१. प्रत्येक बोटीला सोसायटीकडून एक मोठी गोणी. जाळ्यात आलेलं प्लास्टिक, दोर, बाटल्या गोणीत. परत दर्यात काही टाकायचं नाही.

२. बर्फाच्या शेडमागची जागा पत्र्याने बंद करून तिथे गोण्या उतरवायच्या. किल्ली सोसायटीकडे. पुढे कचरा उचलून नेण्यासाठी पंचायतीला अर्ज देऊ.

३. निवडण्याचं काम आपल्याच घरच्या बायका करतील, पण फुकट नाही. त्यासाठी दर फेरीमागे प्रत्येक बोटीने थोडी रक्कम द्यायची. रक्कम सभेने ठरवावी.

४. पिण्याच्या पाण्याला छोट्या बाटल्यांऐवजी कॅन. खलाशांना हे तांडेलाने पहिल्याच दिवशी सांगावं.

५. इंजिनाचं जळकं ऑईल खाडीत ओतायचं नाही. कॅनमध्ये भरून जेटीवर द्यायचं.

६. जाळी दुरुस्त करताना पडणारे तुकडे त्याच दिवशी गोळा करायचे. वाऱ्याने पहिले तेच पाण्यात जातात.

तिसऱ्या ठरावावर वाद होणार हे मी धरून चाललोय. डिझेल महाग, मासळी कमी, त्यात आणखी वर्गणी. पण एका बोटीचे बुडालेले तीन दिवस आणि ही वर्गणी शेजारी मांडून बघा. आमच्या घरच्या बोटीचं बिल मी सभेत घेऊन येतो, सगळ्यांनी वाचावं.

ठराव झाला तर तो ट्रॉलर, छोटी होडी, सगळ्यांना सारखाच. माझी बोट मोठी म्हणून सूट आणि त्याची लहान म्हणून सूट, असं केलं तर सुरूच करू नका. अर्ध्या जणांनी ओढलेली रांपण किनाऱ्याला येत नाही.

सभेला येताना घरातल्या बायकांनाही घेऊन या. काम त्यांच्यावर पडणार, तर मतही त्यांचं हवं. आणि ज्यांना ठरावाची वाट बघायची नाही, त्यांच्यासाठी गोण्या आजपासून सोसायटीच्या ऑफिसात ठेवल्या आहेत. बोटीचं नाव वहीत लिहून घेऊन जा. पहिलं नाव आमच्या बोटीचं घातलंय.

हंगाम सगळ्यांना भरभराटीचा जावो. वारा बघूनच बोट काढा.

आपला,
सचिव