फिल्टर माळ्यावर टाकण्यापूर्वी

जुलैतला पहिला ट्रेक होता. गेल्या हंगामातला फिल्टर माळ्यावरून काढला, सॅकच्या खिशात सरकवला आणि गडावरच्या टाक्यापाशी पिशवी भरून पिळायला घेतली. पाणी येईना. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा थेंब थेंब गळू लागलं, आणि आणखी जोर लावल्यावर पिशवी शिवणीपाशी उसवली. फिल्टर चांगला होता. मीच तो आठ महिन्यांपूर्वी ओला, गाळासकट प्लास्टिकच्या डब्यात बंद करून ठेवला होता.

फिल्टर कोणता घ्यावा, हे नवे ट्रेकर नेहमी विचारतात. घरी आल्यावर त्याचं काय करायचं, हे सहसा कुणी विचारत नाही. वर्षातले दहा-पंधरा दिवस फिल्टर आपल्या पाठीवर असतो आणि उरलेलं वर्ष कपाटात. बहुतेक फिल्टर बिघडतात ते कपाटातच.

त्याची निगा कळायला त्याचं पोट कसं असतं ते पाहावं लागेल. आज ट्रेकर वापरतात त्या बहुतेक हलक्या फिल्टरांत पोकळ तंतूंची जुडी असते. बारीक शेवयांची मूठ घेऊन मधोमध दुमडावी आणि दोन्ही टोकं एका राळेच्या चकतीत पक्की बसवावी, तशी. प्रत्येक तंतू आतून पोकळ असतो आणि त्याच्या भिंतीला असंख्य छिद्रं असतात, ०.१ ते ०.२ मायक्रॉनची. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. पाणी बाहेरून भिंतीतून तंतूत शिरतं, पोकळीतून वर चढतं आणि बाटलीत येतं. गाळ आणि जंतू भिंतीच्या बाहेर अडकतात. जुलाबाने हैराण करणारा जिआर्डिया ८ ते १२ मायक्रॉनचा, क्रिप्टोस्पोरिडियम ४ ते ६ मायक्रॉनचा, आणि ई. कोलायसारखा जिवाणू साधारण अर्धा मायक्रॉन रुंद व एक-दोन मायक्रॉन लांब असतो. हे सगळे अडतात.

विषाणू मात्र अडत नाहीत. काविळीचा हेपटायटिस ए विषाणू ०.०३ मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे छिद्राच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. गाळणीची ही मर्यादा विज्ञानाला फार जुन्या काळापासून माहीत आहे. पाश्चरचे सहकारी चार्ल्स शाम्बरलां यांनी १८८४मध्ये जिवाणू अडवणारा चिनीमातीचा फिल्टर बनवला. १८९२मध्ये रशियाच्या दिमित्री इव्हानोव्हस्की यांनी रोगट तंबाखूच्या पानांचा रस त्यातून गाळला, तर गाळलेला रसही निरोगी झाडाला रोग लावू शकला. विषाणूंच्या शोधाची सुरुवात अशी एका फिल्टरमधून निसटलेल्या गोष्टीने झाली.

आपल्या देशाने याची मोठी किंमत मोजली आहे. १९५५च्या डिसेंबरात दिल्लीत काविळीची साथ उसळली आणि सुमारे २९,००० लोक आजारी पडले. यमुनेतून शहराचं पाणी उचलतात तिथे सांडपाणी मिसळलं होतं. जलशुद्धीकरण केंद्राने क्लोरीन वाढवलं, त्यामुळे विषमज्वर आणि हगवणीचे रोगी वाढले नाहीत, पण कावीळ पसरलीच. तो विषाणू हेपटायटिस ई होता, हे पुढे कळलं. जिवाणू अडले म्हणजे पाणी निर्धोक झालं, असं समजू नये. आपल्या गडांवर आता शनिवार-रविवारी शेकडो माणसं राहतात आणि बहुतेक ठिकाणी शौचालय नाही. गडावर वस्ती नाही म्हणून विषाणूही नसतील, हा हिशेब मला पटत नाही. म्हणून मी गाळलेल्या पाण्यात क्लोरीनची गोळी टाकतो आणि अर्धा तास थांबतो. क्रिप्टोस्पोरिडियमवर क्लोरीन फारसं चालत नाही, विषाणूंवर फिल्टर चालत नाही. दोघं एकमेकांची उणीव भरून काढतात. गोळी नसेल तर पाणी खळखळून उकळावं: एक मिनिट, आणि दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं.

आता सफाई. फिल्टर तुंबतो तो जंतूंपेक्षा गाळाने जास्त. म्हणून सफाईची सुरुवात पाणी भरण्यापासूनच करावी. पावसाळ्यात ओढ्याचं लाल पाणी थेट पिशवीत घेऊ नये. पातेल्यात भरून तासभर निवळू द्यावं, वाटल्यास तुरटी फिरवावी. गावाकडे यासाठी निवळीच्या बिया उगाळून घालत, तिचं नावच त्या कामाचं आहे. मग वरचं नितळ पाणी दुहेरी पंच्यातून गाळून घ्यावं. टाक्यात पाणी घेताना तळ ढवळू नये, आणि पृष्ठावरचा थरही नको. एवढं केलं तर फिल्टरला कितीतरी कमी धुवावं लागतं.

तरी धुवावं लागतंच. पाण्याची धार बारीक झाली की उलट बाजूने स्वच्छ पाणी सोडायचं. फिल्टरसोबत येणारी सिरिंज याचसाठी असते. ती गाळलेल्या पाण्याने भरून, ज्या तोंडाने आपण पाणी पितो तिथे लावून झटका देत दाबावी. हळूहळू दाबलं तर पाणी सोपी वाट शोधून निघून जातं आणि तुंबलेले तंतू तसेच राहतात. बाहेर येणारं गढूळ पाणी नितळ होईपर्यंत पुन्हा पुन्हा करावं. यासाठी न गाळलेलं पाणी कधीही वापरू नये, नाहीतर घाण स्वच्छ बाजूला जाऊन बसते. काही फिल्टर सिरिंजशिवाय, पाण्यात हलवून साफ करायचे असतात. तुमचा कुठल्या प्रकारचा आहे ते माहितीपत्रकात पाहा.

दख्खनच्या विहिरी आणि बोअरवेलचं पाणी क्षारयुक्त असतं. अशा पाण्यावर चाललेला फिल्टर उलट धुऊनही मोकळा होत नाही, कारण छिद्रांत चुन्याचे क्षार बसलेले असतात. त्यावर साधं पांढरं व्हिनेगर चालतं. त्यात फिल्टर अर्धा तास बुडवून ठेवावा, मग कोमट पाण्याने भरपूर उलट धुवावा. उकळतं पाणी वापरू नये, तंतू आणि राळ दोन्हीला ते सोसत नाही.

ट्रेकहून आल्या रात्री माणूस दमलेला असतो, सॅक कोपऱ्यात पडते. पण फिल्टरचं काम दुसऱ्या दिवसावर ढकललं तर चालेल, आठवड्यावर नको. उलट धुऊन झाल्यावर पत्रकात सांगितलेल्या प्रमाणात, वास नसलेलं ब्लीच मिसळलेलं पाणी त्यातून सोडावं, जोरात झटकावा आणि झाकणं उघडी ठेवून सावलीत दोन-तीन दिवस, शक्य असेल तर जास्त, वाळू द्यावा. मग तो हवा लागेल अशा कापडी पिशवीत ठेवावा. बंद डबा आणि ओला फिल्टर एकत्र आले की बुरशी ठरलेली. पिशव्या, नळी, वॉशर हेही सुटे करून वाळवावे. फिल्टरला कोळशाचा कप्पा जोडलेला असेल तर तो वेगळा काढावा. कोळसा वास आणि चव घालवतो, जंतू अडवत नाही, आणि ओला राहिला तर त्यावर जिवाणू वाढतात. पुढच्या ट्रेकच्या आदल्या रात्री फिल्टर स्वच्छ पाण्यात भिजवून ठेवावा आणि घरीच बाटलीभर पाणी काढून पाहावं. मी ते केलं असतं तर टाक्यापाशी पिशवी उसवली नसती.

थंडीचा धोका सह्याद्रीत जाणवत नाही, म्हणून मराठी ट्रेकर हिमालयात गेल्यावर इथे चुकतात. डिसेंबर-जानेवारीत केदारकंठ्याला आपली मुलं मोठ्या संख्येने जातात. रात्री तंबूत पाणी गोठतं. गोठताना ते सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं आणि ओल्या तंतूंच्या भिंती तडकवतं. फिल्टर बाहेरून जसाच्या तसा दिसतो, उलट पाणी जास्त मोकळेपणाने येऊ लागतं. म्हणून रात्री तो झिपच्या पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये घ्यावा, दिवसा जॅकेटच्या आतल्या खिशात. एकदा वापरलेला फिल्टर गोठल्याची शंका जरी आली तरी तो टाकून द्यावा. काही कंपन्या एक चाचणी सुचवतात: फिल्टर पूर्ण ओला करून स्वच्छ बाजूने फुंकायचं. धड असलेल्या ओल्या तंतूंतून हवा जात नाही, पलीकडे बुडबुडे आले तर तंतू तुटलेले. या चाचणीत नापास झालेला फिल्टर नक्की बाद. पास झालेला मात्र शंभर टक्के धड असेलच असं नाही, बारीक तडे यात सापडत नाहीत.

निवड करताना खोक्यावरच्या टक्क्यांकडे नीट बघा. ९९.९ आणि ९९.९९९९ हे दोन आकडे वाचताना सारखे वाटतात. दहा लाख जिवाणूंपैकी पहिल्यात एक हजार निसटतात, दुसऱ्यात एक. जिवाणूंसाठी दुसरा आकडा हवा. ‘विषाणूंसकट’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर विषाणू अडत नाहीत असंच धरावं. कीटकनाशकं, फ्लोराइड, आर्सेनिक यांवर साध्या तंतूंचा उपयोग नाही, आणि हिरवा-निळा तवंग आलेलं उन्हाळ्यातलं टाकं कोणत्याही फिल्टरने पिण्याजोगं होत नाही. ते सोडून द्यावं.

दोघा-तिघांसाठी पिळायचा फिल्टर पुरतो. सहा-आठ जणांना फांदीला टांगायची पिशवी बरी, स्वयंपाक होईपर्यंत पाणी आपोआप गळत राहतं. थेट तोंडाने ओढायची नळी मी सुचवणार नाही. तिने भात शिजत नाही आणि आजारी सोबत्याला पाणी पाजता येत नाही. सिरॅमिकचा पंप म्हणजे घरच्या स्टीलच्या फिल्टरमधल्या कँडलचा भाऊ: घासून पुन्हा नवा होतो, पण जड, आणि आपटला की न दिसणारी चीर जाते. फिल्टरचे आटे शीतपेयाच्या साध्या बाटलीला बसतात का, हे विकत घेतानाच बघा. पिशवी फाटली की तीच बाटली कामी येते.

एक शेवटची विनंती. फिल्टर धुताना निघालेलं पाणी टाक्यात सोडू नका, टाक्याच्या काठावरही नको. पंचवीस-तीस पावलं लांब, उताराच्या बाजूला नेऊन ओता. ज्या धनगराची म्हसरं त्या पठारावर चरतात, तो त्याच टाक्यातलं पाणी पितो आणि त्याच्याकडे फिल्टर नसतो.