आधी लेकीची चौकशी

'मावशी, इथं सगळं आहे गं, बाळाला पाच मिनिटं धरायला तेवढं कुणी नाही!' न्यू जर्सीहून भाचीचा फोन. आपल्याकडे सकाळ, तिच्याकडे रात्र. इंजिनीअर असूनही ती घरी. कारण नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या एच-४ व्हिसावर काम करता येत नाही. २०१५ पासून काही जणींना परवाना मिळतो, तोही साधारणपणे नवऱ्याच्या ग्रीनकार्डाचा ठरावीक टप्पा मंजूर झाल्यावरच.

परवा मात्र आवाज खुलला होता. शेजारच्या तेलुगू मैत्रिणीशी तिनं ठरवलंय, दोघींची मुलं आळीपाळीनं सांभाळायची. आठवड्यातले ते दोन तास तिचे स्वतःचे! व्हिसा तोच, थंडीही तीच. पण जीव रमू लागलाय.

मैत्रिणींनो, फोनवर आपण आधी नातवंडाचं विचारतो. यापुढे आधी लेकीला विचारूया, 'तू जेवलीस का गं?'